घाटाखाली सर्फबोर्ड

बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, दोन हवामानं आहेत आणि समुद्र नाही. दोन हवामानं म्हणजे घाटावरचं आणि घाटाखालचं. मे महिन्याच्या संध्याकाळी घाटावर बुलडाण्याला लोक पाय मोकळे करायला निघतात. घाटाखाली खामगाव, मलकापूर, शेगावकडे त्याच वेळी कूलरच्या टाकीत बादली ओतून लोक दार लावून घेतात. समुद्राचे सुटे भाग मात्र जिल्ह्यात मिळतात. खारं पाणी हवं असेल तर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात कुठलीही विहीर उपसा, पहिल्या घोटात खात्री पटेल. त्याहून खारट हवं असेल तर लोणारला जा. उल्का आदळून काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते भगदाड. त्यातलं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं आणि त्याच वर्षी सरोवर रामसर यादीतही गेलं. जिल्ह्यात कुणीही दुरुस्त करायला न घेतलेलं एवढं एकच भोक असावं.

कारण बाकी सगळं आम्ही दुरुस्त करतो. विशेषतः खामगावात, आणि खामगावातही आमच्या गल्लीत, एखादी वस्तू काय आहे हे कळण्याआधी ती कशी दुरुस्त करायची हे लोकांना कळलेलं असतं. तिचा उपयोग काय, हा प्रश्न त्यानंतरचा. बऱ्याचदा तो निघतच नाही. बंद पडलेलं घड्याळ, तुटलेली छत्री, मूळ मालक वारल्यामुळे निराधार झालेला रेडिओ, यांच्याकडे आम्ही वस्तू म्हणून पाहत नाही, आव्हान म्हणून पाहतो. या गल्लीत यंदाच्या उन्हाळ्यात एक फुटका सर्फबोर्ड आला.

तो आणला माझ्या भाच्याने. तो चेन्नईत सॉफ्टवेअरमध्ये होता. चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम नावाचं कोळ्यांचं गाव आहे (केरळातलं कोवलम निराळं), तिथे शनिवार-रविवार जाऊन तो लाटेवर उभं राहायला शिकला. मग कंपनीने त्याची बदली पुण्याला केली. मधल्या सुट्टीत तो आजोळी आला आणि मागोमाग शेगाव स्टेशनवर त्याचं सामान आलं. त्यात साडेसहा फुटांचा बोर्ड होता, पांढऱ्या चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेला.

शेगाव ते खामगाव रस्त्यावर ‘छोटा हत्ती’ टेम्पोत मधोमध तो बोर्ड आडवा आणि दोन बाजूंना आम्ही मामा-भाचे गप्प बसलेलो. गप्प, कारण ऊन भयंकर होतं. पण रस्त्यावरच्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. मोटारसायकली हळू व्हायला लागल्या. एका आजोबांनी सायकलवरून उतरून हात जोडले. चहाच्या टपरीवर चार माणसं उठून उभी राहिली. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा एकाने ड्रायव्हरला दबक्या आवाजात विचारलं, “कोन गेलं भाऊ?” ड्रायव्हरने मागे न पाहता सांगितलं, “मले नाई मालूम. मद्रासवरून आनलं.” एवढ्या लांबून आणलं म्हटल्यावर विचारणाऱ्याने टोपी काढली.

गल्लीत चादर सुटली आणि निदान सुरू झालं. बोर्डाच्या टोकाजवळ, उजव्या कडेला, कवच फुटून तुरीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. बोर्ड दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर कडुनिंबाखाली ठेवला गेला. सर्वांत आधी आले ते एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक काका. त्यांनी बोटाच्या पेराने बोर्डावर टकटक केली, कान लावला आणि जाहीर केलं, “पोकळ नाई. पन भरीव बी नाई.” भाचा म्हणाला, बरोबर. आत हलका फोम असतो, त्यावर काचेच्या धाग्याचं कापड रेझिनमध्ये भिजवून चढवलेलं असतं. वाळलं की तेच कडक कवच होतं. कवच फुटलं की फोम पाणी पितो, बोर्ड जड होतो, आणि जड बोर्ड लाटेवर उठत नाही. काकांनी यातलं “रेझिन” एवढंच ऐकलं आणि खिशातून एमसील काढलं.

काकांच्या खिशात एमसील असतंच. त्यांच्या घराच्या भिंती विटांच्या आहेत, बाकी घर एमसीलचं आहे. आणि शास्त्र पाहायला गेलं तर काका चुकत नव्हते. दोन वड्या मळून एक केल्या की दगड होणारं एमसील हे इपॉक्सीच आहे, आणि सर्फबोर्डाच्या दुरुस्तीलाही इपॉक्सी चालतं. अडचण वजनाची होती. “काका, टोक जड झालं तर बोर्ड नाक खुपसतो,” भाचा म्हणाला. काकांनी समजूतदारपणे विचारलं, “मंग दुसऱ्या टोकाले बी लावू?”

तोवर पंक्चरवाले भाऊ सुलोचनची ट्यूब आणि ठिगळ घेऊन आले होते. कूलर दुरुस्त करणाऱ्याने डांबर सुचवलं. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने मोबाइलवर फोटो काढून कुणाला तरी पाठवला आणि “सांगतो” म्हणाला. आई ओट्यावरून सगळं पाहत होती. ती एवढंच म्हणाली, “आंधी वाळू द्या त्याले.”

संपूर्ण गल्लीत शास्त्रशुद्ध बोललेली ती पहिली व्यक्ती. फुटक्या बोर्डाला आधी वाळवायचंच असतं. पाणी आत ठेवून वरून बुजवलं तर ते आतच राहतं आणि फोम आणि कवच यांची फारकत करून टाकतं. भाच्याने भोक खाली येईल असा बोर्ड भिंतीला उभा टेकवला आणि थोड्या वेळाने खरोखरच एक थेंब टपकला. बंगालच्या उपसागराचं पाणी खामगावच्या फरशीवर पडलं. काकांनी बोट लावून चाखलं आणि म्हणाले, “खारं हाये. संग्रामपूरकडचं दिसते.”

वाळवण म्हटल्यावर गल्लीने बोर्ड उचलला आणि गच्चीकडे नेला. मे महिना होता, गच्चीवर कुरडया होत्या, सांडगे होते, मिरच्या होत्या, त्यांच्या शेजारी हाही वाळेल असा साधा हिशेब. भाचा आडवा आला. उन्हात ठेवायचा नाही म्हणाला. फोमच्या आतली हवा तापून फुगते, कवच सुटतं आणि बोर्डावर फोड येतो. सावलीतच वाळवायचा. उन्हात खराब होणारी वस्तू, जी म्हणे समुद्रावर भर उन्हात वापरतात! गल्लीचा विश्वास बसेना. समुद्रावर खालून पाणी थंड करत असतं, हे भाच्याचं स्पष्टीकरण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. पण त्याच दुपारी बोर्डावरच्या मेणाने स्वतःच साक्ष दिली. पाय घसरू नये म्हणून सर्फबोर्डावर मेण घासतात. ते पाण्याच्या तापमानानुसार वेगवेगळं मिळतं, आणि सर्वांत गरम पाण्यासाठीचं असतं त्याला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. ते ट्रॉपिकल मेण कडुनिंबाच्या सावलीत वितळून खुर्चीवर ओघळलं. त्याला नारळाचा वास होता. संध्याकाळपर्यंत मुंग्या आल्या. आईने हळद टाकली.

बोर्ड वाळला. उष्म्याचा एवढा फायदा आम्हाला आहे. आणि नेमका भाचा ऑफिसच्या कॉलवर आत बसलेला असताना डेंटिंगवाला आला. त्याच्याकडे गाड्यांचे बंपर आणि फायबरच्या छोट्या-मोठ्या गोष्टी जोडायचं रेझिन होतं, पॉलिएस्टरचं, वरून थेंब थेंब टाकायच्या कॅटालिस्टसह. त्याने भोक थोडं मोठं करून स्वच्छ केलं, काठ घासले, मिश्रण ढवळलं आणि सफाईने आत ओतलं. सगळी गल्ली वाकून पाहत होती. रेझिन आत गेलं. आणखी आत गेलं. मग आणखी. भोक लिंबाएवढं झालं. “खाऊन राह्यलं!” कुणीतरी ओरडलं. पाहता पाहता आत वाटीभर पोकळी झाली.

सर्फबोर्डाचा फोम मुख्यतः दोन जातींचा असतो. एक पॉलियुरेथेनचा, जो १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात रुळला आणि ज्याने बाल्साच्या लाकडी बोर्डांना हटवलं. त्याच्यावर पॉलिएस्टर रेझिन आनंदाने बसतं. दुसरा पांढऱ्या मण्यांचा, म्हणजे आपला थर्मोकोल. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, आणि स्टायरीन थर्मोकोलला विरघळवतं. भाच्याचा बोर्ड दुसऱ्या जातीचा होता. यात नवीन असं काही नाही. राज्यात २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली त्याआधी, गणपतीच्या आदल्या रात्री मखराला चुकीचा स्प्रे मारून ज्यांनी राजवाड्याचे खांब डोळ्यांदेखत बसताना पाहिले आहेत, त्या सगळ्यांना हे रसायनशास्त्र अनुभवाने ठाऊक आहे. डेंटिंगवाल्यानेही पाहिलं असणार. पण तो कसलेला कारागीर. त्याने पोकळीत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, “माल कच्चा हाये.”

भाचा कॉलवरून बाहेर आला. त्या क्षणी गल्लीतल्या बहुतेकांना घरची कामं आठवली.

आता लागणार होतं ते खरं इपॉक्सी रेझिन, पातळ आणि पारदर्शक, जे दोन्ही जातींच्या फोमला चालतं. हार्डवेअरच्या दुकानात बोटभर ट्यूबा होत्या. त्या वाटीला पुरल्या नसत्या. अकोल्याला माणूस पाठवायची तयारी झाली. तेवढ्यात कळलं की आमच्याच गल्लीत, तिसऱ्या घरात, डबाभर इपॉक्सी आहे. तिथली मुलगी लग्नातल्या वरमाला रेझिनमध्ये बुडवून फ्रेम करून देते. हल्ली नवदांपत्यांना हार सुकू द्यायचे नसतात, त्यामुळे तिचा धंदा बरा चालतो. चार दिवस पुरुषमंडळी ज्या रसायनासाठी डोकी खाजवत होती ते रसायन तिच्या स्वयंपाकघरात झेंडू आणि गुलाब कवटाळून बसलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती शांतपणे वजनकाटा घेऊन आली.

वजनकाटा पाहून गल्ली दुखावली. आमच्याकडे प्रमाण अंदाजाने ठरतं. काकांनी आयुष्यात ब्रेक ऑइलसुद्धा नजरेने ओतलं होतं. पण इपॉक्सीमध्ये हार्डनर म्हणजे घाई करणारं औषध नव्हे, तो मिश्रणाचा निम्मा संसार असतो. बाटलीवर जे प्रमाण लिहिलं असेल त्यात कमी-जास्त झालं तर मिश्रण घट्ट होतच नाही, वर्षभर बोटाला चिकटत राहतं. आणि बाटलीवरची वेळ २५ अंशांसाठी लिहिलेली असते. खामगावात मे महिन्यात २५ अंश फक्त फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात असतात. हेच काम घाटावर बुलडाण्याला केलं असतं तर निवांत चहा घेत झालं असतं. घाटाखाली कप आणायला गेलात तर रेझिनचा दगड झालेला. काकांना हे पटेना. त्यांनी उरलेलं मिश्रण एका प्लास्टिकच्या ग्लासात भरपूर एकत्र करून बाजूला ठेवलं, “लागंल” म्हणून. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःची उष्णता सोडतं, आणि खोल भांड्यात साठवलं की ती उष्णता बाहेर पडत नाही. थोड्या वेळात ग्लासातून धूर निघाला, ग्लास वाकला आणि काका तो पक्कडीत धरून कंपाउंडबाहेर धावले. त्यानंतर वजनकाट्याला मान मिळाला.

पोकळी भरायला थर्मोकोलचा तुकडाच हवा होता, मापाने कापून इपॉक्सीने बसवायला. आई काही न बोलता आत गेली आणि माळ्यावरून फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोल घेऊन आली. तो फ्रिज केव्हाच भंगारात गेला. त्याचं थर्मोकोल घरात राहिलं. फेकून द्यायच्या प्रत्येक प्रस्तावाला तिने “लागंल कधी तरी” म्हणून नकार दिला होता. घरादाराचा इतिहास त्या दिवशी तिच्या बाजूने फिरला, आणि आता माळ्यावरची एकही वस्तू हलवता येणार नाही.

तुकडा बसला. त्यावर काचेच्या कापडाची दोन ठिगळं चढवायची होती, खालचं लहान आणि वरचं मोठं. मुलगी म्हणाली, हे काम दिवस कलल्यावरच. तापमान चढत असताना फोममधली हवा प्रसरण पावते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. उतरत असताना उलट रेझिन आत ओढलं जातं. वरमालेतल्या पाकळ्यांनीही तिला हाच धडा दिला होता. सूर्य मावळला तसं तिने कापड पसरलं, रेझिन ओतलं आणि जादा रेझिन निपटायला एक चपटं, लवचीक काहीतरी मागितलं. काकांनी पाकिटातून मुदत संपलेलं एटीएम कार्ड दिलं. “यातून यंदा एवढंच निंगालं,” म्हणाले.

सकाळी गल्ली बोर्डाभोवती जमली. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला रात्री घट मांडतात आणि पहाटे जाऊन पाहतात, कुठलं धान्य हललं, कुठलं जागेवर आहे, आणि त्यावरून पाऊस-पीक सांगतात. तीच एकाग्रता घेऊन काकांनी ठिगळाकडे पाहिलं, नख रोवलं. नख रुतलं नाही. “पीक साधारन,” काकांनी भाकीत केलं, “पन घासा लागते.”

घासण्यासाठी वॉटर पेपर आला, आधी १२०, मग २२०, मग ४०० नंबर, पाणी टाकत टाकत. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून दोन हात मारून जायचा. काचेच्या धाग्याची भुकटी अंगाला लागून सगळ्यांना खाज सुटली, तेव्हा भाच्याने सांगितलं की तोंडाला कापड बांधायचं असतं. पूर्ण बाह्यांचा शर्टही घालायचा असतो. ते त्याने आधी का सांगितलं नाही, यावर वेगळी सभा झाली. सपाटी बरोबर आली की नाही हे ठरवायला मात्र चांदीचं काम करणारे शेजारी आले. खामगावची चांदी साऱ्या देशात जाते, आणि तिथल्या कारागिराचा अंगठा पट्टीपेक्षा विश्वासू. त्यांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि एका जागी थांबून म्हणाले, “अथी उल्लूसं उंच हाये.” आम्हाला काहीच दिसेना. घासल्यावर फरक दिसला.

या सगळ्या वेळात एक आबा रोज खुर्ची टाकून बसत. एके दिवशी त्यांनी बोर्ड उचलून पाहिला आणि म्हणाले, एवढं हलकं तर पांगाऱ्याचं लाकूड. त्यांच्या लहानपणी पोरांच्या कमरेला पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर वाळका भोपळा बांधत आणि विहिरीत ढकलून देत. हाच पोहण्याचा वर्ग. भाच्याने मोबाइल काढला आणि तो चकित झाला. हवाई बेटांवर पूर्वी जो सर्वांत लांब बोर्ड फक्त सरदार-राजे वापरत, तो ‘विलीविली’ नावाच्या झाडाचा असे, आणि विलीविली हे पांगाऱ्याच्याच प्रजातीतलं झाड आहे, सख्खं चुलत भावंड. ती माणसं वापर झाला की फळी वाळवत, खोबरेल चोळत, कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवत. “पाहा,” आई म्हणाली, “आंधी वाळवत.” आबांनी मात्र वेगळाच मुद्दा उचलला. “म्हंजे आमी विहिरीतले राजेच होतो. कोनं सांगतलं नाई.”

दुरुस्ती संपली. डब्यात थोडं इपॉक्सी उरलं, कापडाचाही एक पट्टा उरला. मुलीने ते वाया जाऊ नये म्हणून आमच्या कूलरची गंजलेली टाकी आतून घासली, तळाला तो पट्टा बसवला आणि रात्रभर वाळू दिला. लोखंडी पत्र्याचा कूलर आणि गळणारी टाकी हे आमच्याकडचं कायमचं जोडपं आहे. डांबर, जुनी चादर, एमसील, साबण, सगळं लावून ती गळतेच आणि खोलीभर ओल पसरते. ही गळायची थांबली. दुपारपर्यंत बातमी गावभर पोहोचली. दुसऱ्या दिवशी मुलीच्या दारात चार टाक्या पालथ्या पडलेल्या होत्या आणि वरमाला मागे पडल्या होत्या. कूलर दुरुस्त करणारा लांबून पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो येऊन तिला भागीदारीचं विचारून गेला. जगातली लाटांवर स्वार होणारी माणसं बोर्डात पाणी शिरू नये म्हणून जे शिकली, ते आम्ही टाकीतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून वापरलं. दिशा बदलली, तंत्र तेच.

जायच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड भिंतीला उभा होता, चकचकीत. ठिगळ शोधून सापडत नव्हतं. सगळे समाधानाने पाहत होते. तेव्हा काकांनी, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, विचारलं, “पन बाबू, हे हाये काय?”

भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला. घराएवढी लाट येते, माणूस तिच्यावर उभा राहतो, वळतो, आणि शेवटी कुठेतरी पडतो. हा खेळ टोकियो ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, तो सांगत होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली, तिथे आपल्या रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. लोकांनी पदकाचं ऐकून माना डोलावल्या. काका मात्र व्हिडिओ पुन्हा पुन्हा तिथेच नेत होते जिथे माणूस पडतो आणि बोर्ड खडकाकडे जातो.

“म्हंजे हे पुन्हा फुटंल?”

“फुटतंच काका. सगळ्यांचं फुटतं.”

इतक्या दिवसांत काकांचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता.

“मंग काळजी नाई. फुटलं की सिधा अथी घेऊन येजो,” ते म्हणाले. “फक्त कूलरचा सीझन सोडून. पोट्टीले आता टाइम नाई.”